एक फूट म्हणजे एक नॅनोसेकंद

पेणच्या गणपती कारखान्यात माप फुटाचं. एक फुटी, दीड फुटी, तीन फुटी. गिऱ्हाईक तसंच विचारतं आणि कारागीरही तसंच सांगतो. या एक फुटी मूर्तीच्या पाटापासून मुकुटाच्या टोकापर्यंत जायला प्रकाशाला किती वेळ लागत असेल? जवळजवळ एक नॅनोसेकंद, म्हणजे सेकंदाचा अब्जावा भाग. तेवढ्या वेळात प्रकाश 29.98 सेंटीमीटर जातो आणि फूट असतो 30.48 सेंटीमीटरचा. निसर्गाने इंग्रजी मापाशी संगनमत केल्यासारखा हा योगायोग आहे. अमेरिकी नौदलातल्या संगणकतज्ज्ञ ग्रेस हॉपर भाषणांना जाताना साधारण पावणेबारा इंच लांबीचे तारेचे तुकडे सोबत नेत आणि श्रोत्यांच्या हातात एकेक नॅनोसेकंद ठेवत.

आता हाच हिशेब उलटा करू. रेडिओलहर प्रकाशाच्याच वेगाने जाते. ती इथून निघून तिथे पोचेपर्यंतचा वेळ एका नॅनोसेकंदापर्यंत मोजता आला, तर अंतर एका फुटापर्यंत कळलं. नॅनोसेकंदाच्या तिसऱ्या हिश्श्यापर्यंत मोजता आला, तर दहा सेंटीमीटरपर्यंत कळलं. अल्ट्रा-वाइडबँड, थोडक्यात यूडब्ल्यूबी, हे तंत्र एवढ्याच गोष्टीवर उभं आहे. 2019 साली ते आयफोनमध्ये आलं, 2021 साली एअरटॅगच्या चकतीत आलं, आता काही मोटारींच्या किल्ल्यांतही आहे. त्याच्या माहितीपत्रकांत एक आकडा हमखास भेटतो: अचूकता दहा सेंटीमीटर. आकडा खरा आहे. मात्र तो कुठे खरा ठरतो आणि कुठे ढळतो हे पाहायला लागलं की थक्क व्हायला होतं, आणि ते पाहायला पेण ते रोहा हा पट्टा फार सोयीचा आहे.

पत्र्याखाली उपग्रह दिसत नाही

पेण तालुक्यातली हमरापूर, जोहे, तांबडशेत, कळवे ही गावं मूर्तींची. भाद्रपद यायच्या कितीतरी आधीपासून तिथल्या शेडमध्ये पाय ठेवायला जागा नसते. कुठे ओल्या मूर्ती वाळत ठेवलेल्या, कुठे पांढरा हात दिलेल्या, कुठे रंग होऊन डोळ्यांची आखणी तेवढी राहिलेल्या. एकाच साच्यातून निघालेल्या पन्नास मूर्ती खांद्याला खांदा लावून उभ्या असतात आणि त्यातली एक कुणीतरी आधीच नोंदवलेली असते. समजा, एखाद्या कारखानदाराने ठरवलं की नोंदवलेल्या प्रत्येक मूर्तीच्या पाटाखाली नखाएवढ्या चिपचा टॅग लावायचा आणि कुठली मूर्ती कुठे आहे ते पडद्यावर पाहायचं. जमेल का?

जीपीएसने तर नाहीच. त्याचे उपग्रह सुमारे 20,200 किलोमीटर उंचीवर फिरतात. तिथून निघालेला संदेश जमिनीवर पोचेपर्यंत इतका क्षीण झालेला असतो, की लोखंडी पत्रा आडवा आला की संपलाच. उघड्या आकाशाखालीसुद्धा फोनला आपली जागा साधारण पाच मीटरपर्यंतच कळते आणि पाच मीटरच्या घेरात कारखान्यातल्या शेकडो मूर्ती मावतात. वायफायच्या ताकदीवरून अंतराचा अंदाज बांधता येतो. ताकद जास्त तर जवळ, कमी तर लांब. पण मध्ये ओली भिंत आली किंवा माणूस उभा राहिला तरी ताकद घटते आणि यंत्राला वाटतं, वस्तू लांब गेली. चूक सहज काही मीटरची होते. ताकदीवर विसंबून चालत नाही. वेळच मोजावा लागतो.

शीळ आणि टाळी

रोह्याजवळच्या अवचितगडाच्या एखाद्या कड्यासमोर उभं राहून लांबलचक शीळ घातली, तर मूळ आवाज कुठे संपला आणि प्रतिध्वनी कुठे सुरू झाला ते सांगता येत नाही. तिथेच एक कडक टाळी वाजवली, तर टाळी वेगळी ऐकू येते आणि तिचा पडसाद वेगळा. बंद जागेतल्या रेडिओचं सगळं दुखणं पडसादांचंच आहे. पत्रा, लोखंडी खांब, कपाट, जमीन अशा सगळ्यांवर आपटून तीच लहर पुन्हा पुन्हा येते. अंतर मोजायला हवी असते फक्त सरळ रेषेत आलेली पहिली लहर.

ती वेगळी ओळखायला शीळ नव्हे, टाळीसारखा छोटा स्पंद हवा. स्पंद किती छोटा करता येईल, हे त्याने किती रुंद वारंवारता-पट्टा वापरला यावर ठरतं. वायफायचा साधा पट्टा 20 मेगाहर्ट्झचा. त्यात बसणारा लहानात लहान स्पंद साधारण 50 नॅनोसेकंदांचा, म्हणजे हवेत 15 मीटर लांब. एवढ्या लांब स्पंदात अख्ख्या शेडमधले पडसाद एकमेकांत मिसळून जातात. यूडब्ल्यूबीचा पट्टा असतो किमान 500 मेगाहर्ट्झचा. त्यातला स्पंद दोन नॅनोसेकंदांचा, हवेत साठ सेंटीमीटर लांब. दोन वाटांच्या लांबीत त्याहून जास्त फरक असला की दोन्ही लहरी वेगळ्या दिसतात. शिवाय स्पंद साठ सेंटीमीटरचा असला, तरी त्याची चढती कड त्याहून पुष्कळ बारीक हेरता येते. दहा सेंटीमीटरचा आकडा येतो तो या कडेवरून.

यात इतिहासाने घेतलेला एक गमतीदार वळसा आहे. रेडिओचा जन्मच ठिणगीतून झाला. 1895 च्या सुमाराला कोलकात्यात जगदीशचंद्र बोस आणि नंतर अटलांटिक ओलांडणारा मार्कोनी, दोघांचीही उपकरणं ठिणगीवर चालत. ठिणगी म्हणजे क्षणभराचा स्पंद, आणि तो फार रुंद पट्ट्यावर पसरतो. शेजारच्याच्या संदेशात तो गोंगाट करतो म्हणून पुढे ठिणगीचे प्रक्षेपक हद्दपार झाले आणि प्रत्येकाला आपापला अरुंद पट्टा वाटून दिला गेला. 2002 साली अमेरिकेच्या दळणवळण आयोगाने रुंद पट्ट्याला पुन्हा दार उघडलं. 3.1 ते 10.6 गिगाहर्ट्झ एवढी ऐसपैस जागा दिली, पण अट घातली की ताकद नगण्य हवी: प्रत्येक मेगाहर्ट्झला सुमारे 75 नॅनोवॅट. संगणकासारख्या यंत्रांतून नकळत गळणाऱ्या रेडिओलहरींना जी मर्यादा आहे, तीच इथे. 500 मेगाहर्ट्झचा सगळा पट्टा भरला तरी सरासरी ताकद 37 मायक्रोवॅटच्या आसपास जाते. ज्या गुणासाठी ठिणगीला घालवलं, तो पसारा आता पुसटसा करून कामाला लावला आहे.

दोन घड्याळांचं भांडण

वेळ मोजायचा तर घड्याळ हवं, आणि इथे दोन घड्याळं आहेत. एक टॅगमध्ये, दुसरं अँकरमध्ये, म्हणजे भिंतीवर पक्क्या जागी बसवलेल्या उपकरणात. दोन्ही स्वस्त क्वार्ट्झ स्फटिकांवर चालणारी. ती नॅनोसेकंदापर्यंत जुळवून ठेवणं अवघड, म्हणून सोपी युक्ती करतात: टॅग विचारतो, अँकर उत्तर देतो, टॅग येण्याजाण्याचा एकूण वेळ मोजतो, त्यातून अँकरने घेतलेली उसंत वजा करतो आणि उरलेल्याचा अर्धा घेतो.

पण ही उसंतच घात करते. समजा अँकरने उत्तराआधी एक मिलिसेकंद घेतला आणि दोन स्फटिकांच्या चालीत दहा लाखांत वीस भागांचा फरक आहे. स्वस्त स्फटिकांत एवढा फरक मुळीच नवलाचा नाही. एका मिलिसेकंदात घड्याळं 20 नॅनोसेकंदांनी फाकतात. त्याचा अर्धा म्हणजे 10 नॅनोसेकंद, आणि 10 नॅनोसेकंद म्हणजे तीन मीटर! खरं अंतर दोन मीटर असेल तर उत्तर पाच मीटर येऊ शकतं. उपाय एका जास्तीच्या निरोपात आहे. टॅगने तिसरा संदेश पाठवला, म्हणजे दोघांनीही एकमेकांची उसंत मोजली आणि दोघांच्याही हातात एकेक फेरी आली. या चार आकड्यांचं योग्य गणित मांडलं की चालीतला फरक जवळजवळ पूर्ण छाटला जातो आणि तीन मीटरची चूक मिलिमीटरांवर येते. घड्याळ न सुधारता, केवळ एक निरोप वाढवून.

डब्लिनच्या डेकावेव्ह कंपनीने बनवलेली डीडब्ल्यू1000 ही या क्षेत्रातली गाजलेली चिप. तिच्या घड्याळाचा सर्वांत छोटा ठोका सुमारे 15.65 पिकोसेकंदांचा आहे. एका नॅनोसेकंदात असे चौसष्ट ठोके. एका ठोक्यात प्रकाश 4.7 मिलिमीटर जातो. मग पट्टी पाच मिलिमीटरची असताना अचूकता दहा सेंटीमीटरच का? मधले साडेनऊ सेंटीमीटर जातात कुठे?

काही चिपच्या पोटातच जातात. संदेश सर्किटमधून अँटेनापर्यंत जायला वेळ घेतो, आणि तो वेळ शेकडो नॅनोसेकंदांचा असतो, म्हणजे खोलीतल्या अंतरापेक्षा कितीतरी जास्त. तो प्रत्येक उपकरणाला मोजून वजा करावा लागतो. त्यात एका नॅनोसेकंदाची गफलत झाली तर प्रत्येक मापात तेवढी चूक कायमची मुक्कामाला येते. काही सेंटीमीटर गोंगाटात जातात. संदेश फार जोरकस किंवा फार क्षीण असला तरी कड थोडी अलीकडे-पलीकडे सापडते. उरलेले जातात ते भोवतालच्या जागेत, आणि तिथून पुढे चिपचं काही चालत नाही.

ओली मूर्ती, सुकी मूर्ती

हवेच्या बाहेर पाऊल पडलं की रेडिओलहर मंदावते. काँक्रीटमध्ये तिचा वेग निम्म्याहूनही खाली येतो. वीस सेंटीमीटरची काँक्रीटची भिंत तिला हवेतल्या जवळपास सेहेचाळीस सेंटीमीटरइतकी वाटते. म्हणजे भिंतीपलीकडची वस्तू यंत्राला सुमारे पाव मीटर लांब दिसते, आणि यात यंत्राचा दोष काहीच नाही. नऊ इंची विटांच्या भिंतीतही वीसेक सेंटीमीटरची भर पडते. प्लास्टर त्यामानाने उदार आहे. पीओपीची पोकळ मूर्ती मध्ये आली, तिच्या पुढच्या-मागच्या कवचांची जाडी मिळून दोन सेंटीमीटर धरली, तर भर पडते दीड सेंटीमीटरच्या आतबाहेर. सुकलेल्या पोकळ मूर्ती या लहरींना जवळजवळ पारदर्शक आहेत.

शाडूची नुकतीच साच्यातून काढलेली मूर्ती मात्र निराळी, कारण तिच्यात पाणी आहे. यूडब्ल्यूबीच्या पट्ट्यातल्या साडेसहा गिगाहर्ट्झच्या लहरी पाण्यात फार वेगाने विरतात; एक सेंटीमीटर जाडीच्या थरातून बाहेर पडेपर्यंत ताकद सुमारे तिसाव्या हिश्श्यावर येते. ओल्या शाडूत पाण्याचा वाटा आहे, त्यामुळे ओल्या मूर्तींची रांग लहरींना अडवते आणि तीच रांग वाळल्यावर वाट मोकळी करते. एकच शेड, तेच अँकर, तेच टॅग. आणि अचूकता मूर्तींच्या ओलीबरोबर बदलणार. पावसाळ्यात, मूर्ती वाळता वाळत नाहीत तेव्हा, ती आणखी निराळी.

पाण्याने भरलेली दुसरी गोष्ट म्हणजे कारागीर स्वतः. माणसाच्या देहातून या लहरी आरपार जात नाहीत असंच धरावं. छातीवर टॅग लावून अँकरकडे पाठ केली, की लहर देहाला वळसा घालून तरी जाते किंवा समोरच्या भिंतीवर आपटून तरी. दोन्ही वाटा सरळ रेषेपेक्षा लांब.

इथे एक सुंदर गोष्ट लक्षात येते. भिंत लहरीला उशीर करते, देह वळसा घालायला लावतो, पत्रा लांबच्या वाटेने पाठवतो. कोणताही अडथळा लहरीला लवकर पोचवत नाही. त्यामुळे अडथळ्यांमुळे होणारी चूक जवळजवळ नेहमी अंतर वाढवणारीच असते. चुकीला दिशा असणं हे मोजणाऱ्याचं भाग्य आहे. चार अँकरांपैकी एकाचं उत्तर बाकीच्यांशी जुळत नसेल आणि ते जास्तीच्या बाजूला असेल, तर गणित त्याच्यावर कमी विश्वास ठेवतं.

मोटारीच्या किल्लीतली सुरक्षितता याच तत्त्वावर उभी आहे. जुन्या बिनस्पर्शी किल्लीचा संदेश चोर दोन उपकरणांच्या साखळीने घरातून रस्त्यावरच्या गाडीपर्यंत पोचवत आणि गाडीला वाटे, मालक शेजारीच उभा आहे. यूडब्ल्यूबी गाडी संदेश ऐकते तसा त्याचा प्रवासाचा वेळही मोजते. साखळी कितीही चलाख असो, ती संदेशाला प्रकाशापेक्षा लवकर पोचवू शकत नाही. संदेशाचा साचा आधी ओळखून तो वेळेपूर्वीच धाडायचा, एवढी एक पळवाट उरते. ती अडवण्यासाठी 2020 च्या 802.15.4झेड या मानकाने स्पंदांचा क्रमच गुप्त किल्लीने विसकटून टाकला.

रोह्याचं शून्य

अंतरं मिळाली की जागा काढायची. एका अँकरपासूनचं अंतर कळलं तर वस्तू एका वर्तुळावर आहे एवढंच कळतं. दुसऱ्या अँकरने दोन शक्यता उरतात, तिसऱ्याने एक. पण ही वर्तुळं एकमेकांना कशी छेदतात यावर सगळं अवलंबून आहे. अँकर चार कोपऱ्यांत असले तर छेद स्वच्छ मिळतो. सगळे एकाच भिंतीवर लावले तर वर्तुळं एकमेकांना घासून जातात आणि दहा सेंटीमीटरची चूक फुगते.

उंचीच्या बाबतीत हे विशेष जाणवतं. समजा अँकर छताला आहे, टॅग त्याच्या तीन मीटर खाली आणि आडव्या अंतराने दहा मीटर लांब आहे. टॅग दहा सेंटीमीटर वर उचलला, तर अँकरपासूनचं अंतर तीनेक सेंटीमीटरच बदलतं. उलट वाचा: अंतरातली दहा सेंटीमीटरची चूक उंचीत पस्तीस सेंटीमीटर होऊन उभी राहते. रोह्याच्या धाटाव औद्योगिक वसाहतीतल्या एखाद्या रासायनिक कारखान्यात, जाळीदार लोखंडी मजले, टाक्या आणि नळ्यांच्या गर्दीत, असं तंत्र बसवायचं म्हटलं तर हाच प्रश्न जिवाचा होतो. वायुगळतीच्या वेळी कामगार कोणत्या मजल्यावर अडकला आहे? टाकीआडून वळसा घेऊन आलेल्या लहरीने अंतरात एक मीटर वाढवलं, तर उंचीत अडीच मीटर, म्हणजे जवळजवळ एक मजला चुकला. म्हणून अशा ठिकाणी एक अँकर खाली, एक वर, असे निरनिराळ्या उंचीवर बसवावे लागतात.

याच्या अगदी उलट उदाहरणही रोह्यातूनच सुरू होतं. दिव्याहून पनवेल, पेण, नागोठणे करत आलेला मध्य रेल्वेचा मार्ग रोह्याला संपतो आणि कोकण रेल्वेचे किलोमीटर इथून मोजले जातात. 1998 साली पूर्ण खुल्या झालेल्या या 741 किलोमीटरच्या मार्गावर नव्वदहून जास्त बोगदे आहेत. रत्नागिरीजवळचा करबुड्याचा बोगदा साडेसहा किलोमीटरचा. बोगद्यात उपग्रह दिसत नाही. भारतीय रेल्वेची ‘कवच’ ही टक्करविरोधी प्रणाली जिथे बसवली आहे, तिथे ती स्लीपरवर बसवलेल्या आरएफआयडी टॅगवरून इंजिनाला त्याची जागा सांगते आणि दोन टॅगांच्या मधलं अंतर चाकांच्या फेऱ्यांवरून मोजते. भूमितीच्या दृष्टीने बोगदा हे भाग्यवान ठिकाण आहे. गाडी रूळ सोडून जात नाही, त्यामुळे शोधायचा असतो एकच आकडा: किती पुढे. आडवं-उभं काही काढायचं नाही. खोलीत किमान तीन अँकर लागतात. रुळावरच्या गाडीला, ती कोणत्या बाजूला आहे एवढं ठाऊक असेल, तर तत्त्वतः एकही पुरतो.

अलिबागचा धडा

जागा मोजमापात किती लुडबुड करते, हे रायगडला शंभर वर्षांपूर्वीच माहीत होतं. मुंबईच्या कुलाबा वेधशाळेत पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या नोंदी एकोणिसाव्या शतकापासून होत होत्या. शहरात विजेच्या ट्राम येणार असं ठरलं तेव्हा त्यांचा प्रवाह या नाजूक नोंदी बिघडवणार हे उघड होतं. वेधशाळेचे संचालक नानाभाई मूस यांनी चुंबकीय वेधशाळा अलिबागला हलवली. 1904 मध्ये तिचं काम सुरू झालं. इमारत पोरबंदरच्या अचुंबकीय दगडाची आणि लोखंड दूर ठेवून बांधलेली. त्याहून महत्त्वाचं म्हणजे 1904 ते 1906 अशी दोन वर्षं कुलाबा आणि अलिबाग दोन्हीकडे एकाच वेळी नोंदी घेतल्या, आणि जुनं माप नव्या मापाशी ताडून मगच कुलाब्याचं काम थांबवलं.

यूडब्ल्यूबीला अलिबागला पळून जाता येत नाही. त्याचं काम पत्रा, पाणी, लोखंड आणि माणसं यांच्या मधोमधच असतं. पण ताडून पाहण्याचा धडा त्याला तंतोतंत लागू पडतो. चिपने तीन सेंटीमीटरच्या आत पुन्हा पुन्हा तेच उत्तर दिलं म्हणजे ते बरोबर आहे असं नाही. भिंतीआडून ती तीस सेंटीमीटरची चूकही तितक्याच सातत्याने करू शकते. सातत्य चिपकडून मिळतं. बरोबरपणा मात्र जागेवर जाऊन, माहीत असलेल्या अंतराशी ताडूनच मिळतो.

म्हणून कुणी आपल्या गोदामासाठी, रुग्णालयासाठी किंवा कारखान्यासाठी हे तंत्र विकायला आलं आणि दहा सेंटीमीटर म्हणालं, तर तीन प्रश्न जरूर विचारा. हे माप मोकळ्या हवेतलं की माझ्या भिंतींमधलं? अँकर कुठे आणि किती उंचीवर लावणार? आणि माणसं, माल, यंत्रं जागच्या जागी असताना तुम्ही ते मोजून दाखवाल का? उत्तर देताना तो चाचरला तर जमिनीवर खडूने दहा खुणा करा, मापाची टेप काढा आणि त्याच्यासमोर स्वतः मोजा. पेणच्या कारखान्यात हे माप सुक्या मूर्तींमध्ये घेतलं असेल, तर पावसाळ्यात ओल्या मूर्तींमध्ये ते पुन्हा घ्या. जो आकडा दोन्ही वेळा टिकेल, तेवढीच तुमच्या जागेतली अचूकता.